घरांतली बुरशी आणि छातीचे विकार

बुरशीचें नांव काढलें कीं कोकणांतलीं घरें डोळ्यांपुढें उभीं राहतात. तेथें पाऊस १०० इंचांवर पडतो. श्रावणांत कपाटांतल्या कोटावर, वहाणांवर, पुस्तकांच्या बांधणीवर चार दिवसांत हिरवट बुरा चढतो आणि त्याचें कोणाला नवल वाटत नाहीं. धुळें शहराची गोष्ट निराळी. वर्षाकाठीं २५ इंचांच्या आसपास पाऊस, तोहि लहरी. वैशाखांत पारा ४४ अंशांच्या घरांत. हवा इतकी रखरखीत कीं दोरीवर टाकलेलें ओलें लुगडें पाठ फिरवण्याआधीं वाळावें. अशा गांवांत एखाद्या माणसाच्या छातीला घरांतल्या बुरशीनें अपाय केला असें सांगितलें तर ऐकणारा हंसल्याशिवाय राहणार नाहीं. खोकल्याचा दोष तो तंबाखूला देईल, सरकीच्या कारखान्यांतून उडणाऱ्या तंतूंना देईल, धुळीला देईल. आणि गांवाच्या नांवाकडे पाहिलें तर धुळीवर आळ घेणें फारच सोपें.

परंतु बुरशीला पाऊस लागत नाहीं, ओल लागते. हा भेद लक्षांत घेतला म्हणजे खानदेशच्या कोरड्या हवेंतहि तिचा संसार कसा थाटला जातो हें कळून येतें. बुरशी ही सजीवांची एक स्वतंत्र जात आहे. झाडांप्रमाणें उन्हावर आपलें अन्न आपण तयार करण्याची कला तिला अवगत नाहीं. ती दुसऱ्याच्या अन्नावर जगते. कागद, कापड, कातडें, लाकूड, बांधणीची खळ, शेणाचें सारवण, फार काय, भिंतीवर बसलेली धूळदेखील तिला पुरते. तिचीं बीजुकें इतकीं सूक्ष्म असतात कीं तीं वाऱ्यावर तरंगत सर्वत्र हिंडतात. १८७३ सालीं कलकत्त्यास कनिंगहॅम नांवाच्या डॉक्टरानें तेथल्या तुरुंगांतली हवा चिकट कांचेवर धरून सूक्ष्मदर्शकाखालीं तपासली, तेव्हां कांचेवर नाना तऱ्हेचीं बीजुकें विपुल सांपडलीं. कैद्यांमधील पटकी व ताप यांच्याशीं त्यांचा संबंध त्यानें जोडून पाहिला, पण तो जुळेना. त्याचें हें अनुमान रास्तच होतें. बुरशीचा उपद्रव पटकीसारखा एकदम गांवावर कोसळत नाहीं. ती एकेका घरांत, एकेका माणसाला, महिनोन्‌महिने हळूहळू गांठते. आणि त्याच खोलींत निजणाऱ्या दुसऱ्या माणसाला शिंकहि येत नाहीं.

बीजुकांपासून सुटका नाहीं, हें एकदां मान्य केलें म्हणजे खरा प्रश्न उरतो तो त्यांना पाणी कोण पुरवतें एवढाच.

धुळ्याचें उत्तर दोन तऱ्हेचें आहे, कारण धुळ्यांत घरेंहि दोन तऱ्हेचीं आहेत. १८१८ नंतर इंग्रजी अंमल बसला तेव्हां कॅप्टन जॉन ब्रिग्ज यानें खानदेशचें मुख्य ठाणें येथें केलें व व्यापाऱ्यांना बोलावून पेठ वसविली. अनुक्रमांकांनीं ओळखल्या जाणाऱ्या सरळ गल्ल्यांची आंखणी ही त्या नव्या पेठेची खूण. तेथल्या जुन्या घरांच्या भिंती जाड, मातीच्या किंवा विटांच्या, आणि माथ्यावर लांकडी कड्यांवर पसरलेलें मातीचें सपाट धाबें. मृगापूर्वीं धाब्यावर खारी माती टाकून तें चोपून घ्यावें लागतें. ज्या वर्षीं हें काम राहिलें त्या वर्षीं पाणी थेंबाथेंबानें खालीं न गळतां भिंतीच्या पोटांत उतरतें, आणि तेंच अधिक वाईट. गळणाऱ्या थेंबाखालीं गृहिणी भांडें तरी ठेवते; भिंतींत उतरलेलें पाणी कोणाला दिसत नाहीं. त्यांत खालची जमीन काळी, पाणी धरून ठेवणारी. पाया तें पाणी वर ओढून घेतो. नदीच्या बाजूच्या वस्तीला पुराचाहि अनुभव आहे. १८७२ सालीं पांझरेला आलेल्या पुरानें शहरांतल्या घरांची मोठी हानि केली होती. पुराचें पाणी एका रात्रींत उतरतें, भिंतींतलें पाणी वर्ष वर्ष उतरत नाहीं.

सिमेंटच्या नव्या घरांत ही अडचण नसावी असें वाटतें, पण अनुभव तसा नाहीं. गच्चीवर पाण्याची टाकी, भिंतींत पुरलेले नळ, स्वयंपाकघराला लागून न्हाणीघर. नळाचा सांधा थोडासा पाझरला कीं पलीकडच्या खोलींतल्या कपाटामागें काळे ठिपके उमटूं लागतात. धुळीच्या आणि डांसांच्या भीतीनें खिडक्या बंद. नळाला रोज पाणी येईल असा भरंवसा नसलेल्या गांवांत प्रत्येक घर पिंपें, टाक्या, घागरी भरून ठेवतें. पाण्याची टंचाई हेंच घर दमट राहण्याचें एक कारण होऊन बसावें हा विचित्र योग आहे खरा.

भिंतीवर दिसणारी प्रत्येक गोष्ट मात्र बुरशी नव्हे. खानदेशांतल्या पुष्कळ भिंतींवर पायापासून हातभर उंचीपर्यंत पांढरा, भुसभुशीत थर फुटतो. तो लोणा, विटा व माती यांतला क्षार ओलीबरोबर वर येऊन सुकलेला. त्यावर पाण्याचा थेंब सोडला तर तो विरघळून जातो. बुरशी विरघळत नाहीं. लोण्यानें खोकला येत नाहीं. पण त्या भिंतींत ओल आहे ही वर्दी तो देतो, आणि आज जेथें लोणा आहे तेथें उद्यां बुरशी धरण्याचा संभव असतो. नाकाला येणारा कुबट वास हा डोळ्यांपेक्षांहि विश्वासू साक्षीदार. बाहेरगांवाहून घरीं परत आल्यावर पहिल्या पांच मिनिटांत जो वास येतो तोच घराचा खरा वास. नंतर नाक त्याला सरावतें. अशा वासावर धूप, कापूर, उदबत्ती यांचा धूर करण्याची चाल आहे. वास त्यानें झांकला जातो, बुरशी आपल्या जागीं सुखरूप राहते, आणि दमेकऱ्याच्या छातींत बीजुकांच्या जोडीला धूर जातो. हें औषध नव्हे.

येथवर जें सांगितलें तें पावसाळ्याचें आणि पाण्याच्या गळतीचें. खानदेशच्या बुरशीचा खास हंगाम मात्र पुष्कळांना ठाऊकच नाहीं. तो उन्हाळा.

पूर्वीं उन्हाळ्यांत दारांना वाळ्याचे पडदे लावून त्यांवर पाणी शिंपडीत. तें काम आतां कूलर करतो. पत्र्याची किंवा प्लॅस्टिकची पेटी, तीन बाजूंना लांकडाच्या बारीक कीसाचें गवत, तळाशीं पाण्याची टाकी, एक लहानसा पंप आणि पंखा. कोरड्या हवेंत पाण्याची वाफ झपाट्यानें होते व हवा थंड होते. म्हणूनच मुंबईंत हें यंत्र निरुपयोगी आणि धुळें-जळगांवांत घरोघर. परंतु ओलें लांकूड, ऊब, अंधार आणि सांचलेलें पाणी यांपेक्षां बुरशीला आणखी काय हवें असतें? बाहेर पृथ्वी भाजून निघत असतां या पेटींत भर उन्हाळ्यांत आषाढ नांदतो. रात्रभर पंखा त्या गवतांतून हवा ओढून थेट निजलेल्या माणसाच्या तोंडावर सोडतो. आषाढ लागला कीं पेटी तशीच खिडकींत राहते, गवत ओलें, टाकींत वीतभर पाणी. पुढच्या फाल्गुनांत कोणी तरी बटण दाबतो, आणि आठ महिन्यांचें सांचलेलें पहिल्याच झोतांत खोलींत येतें.

ही भीति नुसती तर्कानें काढलेली नाहीं. २०१२ ते २०१५ या काळांत भारतांतल्या १९ शहरांमधील २७ केंद्रांनीं मिळून फुफ्फुसाच्या मूळ ऊतींना सूज येऊन त्या घट्ट होत जाण्याच्या विकारांची एक नोंदवही ठेविली. १०८४ रोगी तींत नोंदले गेले. २०१७ सालीं तिचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले, तेव्हां जवळजवळ निम्म्या रोग्यांचा, म्हणजे शेकडा ४७ जणांचा विकार बाहेरून श्वासांत गेलेल्या कणांच्या वावड्यामुळें झाल्याचें निदान होतें. आणि अशा रोग्यांपैकीं सुमारें निम्म्यांच्या घरीं कूलर होता. युरोप-अमेरिकेंत या तऱ्हेच्या रोग्यांचें प्रमाण याहून पुष्कळ कमी आढळतें, म्हणून कांहीं तज्ज्ञांनीं आंकड्याबद्दल शंका घेतली. घरांत कूलर असणें म्हणजे कूलरनेंच रोग होणें नव्हे, हेंहि खरें. तो लक्षावधि घरांत असतो आणि बहुतेकांना कांहीं होत नाहीं. तरी पण ज्याला आधींच धाप लागते त्याच्या खोलींतली ती पेटी उघडून पाहण्यास एवढा पुरावा पुरेसा आहे.

वावडें हा शब्द येथें मुद्दाम योजला आहे. बुरशीचें विष भिनतें म्हणून माणूस आजारी पडतो असा सार्वत्रिक समज आहे; श्वासाच्या विकारांत बहुधा तसें नसतें. एखाद्याला वांगें वावडें असावें त्याप्रमाणें एखाद्याच्या शरीराला बीजुकें वावडीं असतात. वावडें नाकापुरतें असेल तर शिंका, नाक चोंदणें, डोळ्यांना खाज. श्वासनलिकांत उतरलें तर दमा. फुफ्फुसाच्या अगदीं खोल पिशव्यांत पोंचलें तर मात्र चित्र बदलतें, आणि घोटाळा होतो तो येथेंच. दूषित हवेंत कांहीं तास काढल्यावर चारसहा तासांनीं अंगांत कसर येते, थंडी वाजते, कोरडा खोकला सुटतो, दम लागतो. दुसऱ्या दिवशीं सारें ओसरतें. घरचीं माणसें म्हणतात, उन्हाची बाधा झाली. रोज थोडें थोडें जात राहिलें तर तापहि येत नाहीं. जिना चढतां दम लागतो, वजन उतरतें, खोकला जात नाहीं. हीं लक्षणें ऐकून कोणाच्याहि मनांत प्रथम क्षयाची शंका यावी हें स्वाभाविकच आहे. क्षयाची शंका घेऊं नये असें कोणी म्हणणार नाहीं. या देशांत ती आधीं घेतलीच पाहिजे, आणि कफाची तपासणी सरकारी दवाखान्यांत विनामूल्य होते. पण कफांत जंतु सांपडत नाहींत, क्षयाचीं औषधें महिनोन्‌महिने चाललीं तरी उतार पडत नाहीं, आणि तरीहि दुसरी कांहीं चौकशी होत नाहीं, असे रोगी थोडे नाहींत.

दमेकऱ्यांच्या बाबतींत असाच एक घोटाळा ठरलेला आहे. १९५२ सालीं लंडनच्या डॉक्टरांनीं एका विकाराचें वर्णन केलें: दमेकऱ्याच्या श्वासनलिकेंतल्या चिकट कफांत बुरशी वस्तीला येते व तिच्या वावड्यानें दमा चिघळतो, कफाचे तपकिरी लोट पडतात, क्ष-किरणांच्या चित्रांत डाग उठतात. ही बुरशी म्हणजे ॲस्परजिलस. १७२९ मध्यें फ्लॉरेन्सच्या मिकेली या पाद्री वनस्पतिशास्त्रज्ञानें तिला नांव दिलें, तें देवळांत तीर्थ शिंपडण्याच्या कुंचल्यासारखा तिचा आकार दिसला म्हणून. नांव पवित्र, करणी तशी नाहीं. चित्रांतले ते डाग क्षयासारखेच दिसतात. भारतांत या विकाराच्या रोग्यांना आधीं क्षयाचे उपचार मिळाल्याचें छातीच्या तज्ज्ञांनीं वारंवार नमूद केलें आहे. रक्ताच्या व त्वचेच्या तपासणीनें भेद कळतो, पण तपासणी सुचण्यासाठीं आधीं घराची विचारपूस व्हावी लागते. दवाखान्यांत गर्दी असते, डॉक्टर घर पाहायला येत नाहीं. म्हणून ती हकीकत रोग्यानेंच नेली पाहिजे: कोणत्या महिन्यांत खोकला वाढतो, निजण्याची जागा कोठें, भिंत ओली आहे काय, कूलर कधीं स्वच्छ केला, सज्जांत पारवे बसतात काय. पारव्यांच्या विष्ठेनेंहि अगदीं असाच विकार होतो.

या हकीकतींतला सर्वांत मोलाचा भाग एका प्रश्नांत येतो. घर सोडल्यावर बरें वाटतें काय? सासुरवाशीण माहेरीं गेली कीं तिचा खोकला थांबतो आणि परत आल्यावर आठ दिवसांत पुन्हां सुरू होतो, ही गोष्ट घरोघरच्या सासवांनीं पाहिलेली आहे. तिचा अर्थ त्यांनीं आपल्या परीनें लावला: कामाचा कंटाळा. नवऱ्यानें फार तर मनाचा दुबळेपणा म्हटलें. ज्या बाईचे दिवसाचे चौदा तास त्या ओल्या भिंतीच्या स्वयंपाकघरांत, मोरीजवळ, जळणाच्या नाहीं तर धान्याच्या कोठींत जातात तिला त्या घराची हवा पुरुषांपेक्षां दुप्पट मिळते, हा साधा हिशोब कोणी केला नाहीं. माहेरपण हें या विकारांत निदानाचें एक उत्तम साधन आहे. दोनतीन आठवडे दुसऱ्या घरीं राहून श्वास मोकळा होत असेल, परत आल्यावर पुन्हां कोंडत असेल, तर दोष छातींत शोधण्याआधीं भिंतींत शोधावा.

जपानांत ही गोष्ट फार चांगली उमगली. तेथें दमट उन्हाळ्यांत कांहीं घरांतून दरवर्षीं असा ज्वर व दम उठे आणि थंडींत आपोआप जाई; रोगी रुग्णालयांत बरा होई व घरीं परततांच पुन्हां आजारी पडे. शोध घेतां जुन्या लांकडी घरांतल्या कुजक्या, ओल्या फळ्यांवर वाढणाऱ्या एका बुरशीवर बोट ठेवतां आलें. त्या फळ्या काढून नव्या बसविल्या, घर कोरडें केलें, कीं पुष्कळांचा विकार परत येत नसे. इंग्लंडांत १९३२ सालीं कॅम्पबेल नांवाच्या डॉक्टरानें बुरसलेलें गवत हाताळणाऱ्या शेतकऱ्यांत हाच विकार वर्णिला. पावसांत भिजून पांढऱ्या पडलेल्या कडब्याच्या गंजी उपसणाऱ्या खानदेशी गड्यालाहि तो लागू आहे. त्याहि आधीं, १७२६ सालीं, सर जॉन फ्लॉयर यानें एका दमेकऱ्याची हकीकत लिहून ठेविली आहे: द्राक्षारसाच्या तळघरांत पाऊल टाकतांच त्याला दम्याचा झटका आला. तळघर सोडणें हाच त्यावर उपाय होता. जागतिक आरोग्य संघटनेनें २००९ सालीं घरांतली ओल व बुरशी यांवर स्वतंत्र मार्गदर्शिका काढली, तींतहि बीजुकांची अमुक संख्या धोक्याची असा आंकडा दिलेला नाहीं. ओल आणि बुरशी दिसली कीं ती काढावी, एवढेंच तात्पर्य.

औषधें असतात आणि तीं घ्यावींच. दम्यावर फवाऱ्याचें औषध, ज्याला इनहेलर म्हणतात, तें सर्वांत निर्धोक. तें शेवटचा उपाय आहे, एकदां घेतलें कीं सुटत नाहीं, हा समज खोटा आहे आणि त्यानें फार नुकसान केलें आहे. खोल फुफ्फुसांतल्या सुजेवर स्टेरॉइडें देतात. त्यांनीं आराम पडतो. पण रोगी त्याच गवताचा झोत घेत राहिला तर आंत वण धरतात, आणि फुफ्फुसावरचा वण कोणत्याहि औषधानें भरून येत नाहीं. बुरशी मारणारीं औषधेंहि आहेत. त्यांत महाराष्ट्राचाहि वांटा आहे: पिंपरी येथें १९५४ सालीं स्थापन झालेल्या हिंदुस्थान अँटिबायोटिक्स या सरकारी कारखान्यांत मातींतल्या एका सूक्ष्मजीवापासून हॅमायसिन हें बुरशीवरचें औषध निघालें, आणि त्या जीवाच्या शास्त्रीय नांवांत पिंपरीचें नांव गोंवलें गेलें. मात्र साध्या वावड्यावर अशा औषधांचा उपयोग नसतो. तीं डॉक्टरांनीं सांगितल्यावांचून घेऊं नयेत.

२०२१ सालच्या उन्हाळ्यांत काळ्या बुरशीच्या भीतीनें महाराष्ट्र हादरला होता. करोनांतून उठलेल्या, मधुमेह असलेल्या, स्टेरॉइडें घेतलेल्या रोग्यांच्या नाकांत, डोळ्यांत, टाळूंत ही बुरशी शिरली. कित्येकांचे डोळे गेले, कित्येकांचे प्राण गेले. त्याच वेळीं कांद्यावरचा काळा बुरा आणि शीतकपाटाच्या रबरावरचे काळे डाग हेंच त्या रोगाचें मूळ, अशी वार्ता गांवोगांव पसरली. ती चुकीची होती. कांद्यावरची काजळी ही निराळ्या जातीची बुरशी. ती धुऊन, वरचा पापुद्रा काढून कांदा वापरण्यास हरकत नाहीं. त्या जीवघेण्या विकाराचें मूळ रक्तांतली वाढलेली साखर आणि खचलेली प्रतिकारशक्ति यांत होतें. निरोगी माणसानें भिंतीवरच्या ठिपक्यांना त्या कोटींतलें भय बाळगण्याचें कारण नाहीं. ज्याचा मधुमेह आटोक्यांत नाहीं त्यानें मात्र बुरसलेलें सामान स्वतः उपसूं नये.

स्वयंपाकघरांतली बुरशी हा खरें तर निराळा विषय. तेथें प्रश्न वावड्याचा नसून विषाचा आहे. १९७४ च्या अखेरीस खानदेशाच्या उत्तरेस पंचमहाल व बांसवाडा भागांत अवेळीं पावसानें बुरसलेला मका खाऊन सुमारें ४०० माणसें कावीळीनें आजारी पडलीं व त्यांपैकीं १०० हून अधिक दगावलीं. भुईमुगाच्या दाण्यांवरहि तेंच विष चढतें आणि भाजण्यानें तें पुरतें जात नाहीं. हिरवे पडलेले दाणे निवडून उरलेल्यांची चटणी करणें ही काटकसर नव्हे.

आतां घर स्वच्छ करण्याबद्दल. बुरशी कोरड्या झाडणीनें किंवा ब्रशानें खरडूं नये. एका झटक्यांत लक्षावधि बीजुकें उडतात. खिडक्या उघडून, तोंडानाकावर घट्ट मुखपट्टी बांधून, साबणाच्या पाण्यांत भिजविलेल्या फडक्यानें पुसून घ्यावी आणि फडकें टाकून द्यावें. विरंजक चूर्णाच्या निवळीनें डाग जातो, पण मेलेली बुरशीहि वावड्याला जिवंत बुरशीइतकीच त्रासदायक असते. म्हणून मारणें पुरत नाहीं, पुसून काढावी लागते. त्या निवळींत संडासाचें अम्ल कधींहि मिसळूं नये, विषारी वायु सुटतो. भिजलेला कापूस, गादी, पुठ्ठे यांच्या आंत शिरलेली बुरशी निघत नाहीं. तें सामान घराबाहेर काढावें हेंच बरें. आणि हें काम दमेकऱ्यानें करूं नये, इतकेंच नव्हे तर त्यानें त्या दिवशीं घरांत असूं नये. दिवाळीपूर्वीं माळे उपसण्याच्या आठवड्यांत जे दम्याचे झटके येतात त्यांचें खापर फटाक्यांवर फुटतें. पुष्कळदां तो दोष चार दिवस आधींच्या साफसफाईचा असतो. घरांतलें हें काम बहुधा सूनबाईच्या किंवा मोलकरणीच्या वांट्याला येतें, आणि तिची छाती कशी आहे हें कोणी विचारीत नाहीं.

जुन्या चालींत एक चाल मोठी शहाणपणाची होती. घटस्थापनेपूर्वीं घरांतल्या साऱ्या गोधड्या, पांघरुणें, सतरंज्या नदीवर नेऊन धूत आणि आश्विनाच्या उन्हांत वाळवीत. पावसाळाभर अंथरुणांत मुरलेली ओल आणि तिच्याबरोबरचा सारा बुरा नवरात्र बसण्याआधीं घराबाहेर जाई. सोंवळ्याच्या कारणानें का होईना, मुहूर्त अचूक साधला जाई. पोथ्यांनाहि बासनांतून काढून हवा देण्याची रीत होतीच. ज्या गांवांत इतिहासाचार्य राजवाडे १९२६ अखेर वारले आणि ज्यांच्या नांवानें लगेच १९२७ सालीं संशोधन मंडळ उभें राहिलें, त्या धुळ्याला जुना कागद आणि ओल यांचें वैर समजावून सांगण्याची गरज नसावी. कागदाला जी हवा मानवते तीच बहुतेक छातीलाहि मानवते.

कूलरच्या बाबतींत करावयाचें थोडेंच आहे, पण नेमानें केलें पाहिजे. गवत दर हंगामाला नवें घालावें. टाकी आठवड्यांतून एकदां रिकामी करून घांसून, सुकवून मग भरावी. त्यानें डासांचीहि पैदास थांबते. पंखा बंद करण्याआधीं पंप अर्धा तास बंद ठेवावा, म्हणजे गवत वाळतें. समोरची खिडकी उघडी असावी. ती बंद असेल तर खोली थंड न होतां नुसती दमट होते. दमेकऱ्याची खाट झोताच्या रेषेंत नसावी. पाऊस सुरू झाला कीं पेटी रिकामी करून, कोरडी करून आंत घ्यावी. गवतावर धरणारा पांढरा कडक थर हा जड पाण्यांतला चुना आहे, त्याला भिण्याचें कारण नाहीं. काळपट, बुळबुळीत थर व कुबट वास यांचीच धास्ती धरावी. फुफ्फुसांतल्या सुजेचें निदान ज्याच्या बाबतींत झालें आहे त्यानें मात्र या नियमांवर भिस्त ठेवूं नये. त्याच्या खोलींतून ती पेटी निघालीच पाहिजे.

राहिली भिंत. गळती बुजवली, धाब्यावर खारी पडली, नळाचा सांधा बदलला, कीं घरमालक दिवाळीपूर्वीं रंग लावून मोकळा होतो आणि माघांत तोच रंग पोपडे होऊन गळूं लागतो. भाडेकरूनें तक्रार केली तर रंग दिल्याची पावती दाखवितो. जाड भिंत महिन्याला फार तर इंचभर सुकते असा इमारतकामांतला ठोकताळा आहे. दीड फुटी भिंतीला दिवाळीपर्यंतचे दोन महिने पुरत नाहींत. ओल्या भिंतीवर तैलरंग दिला तर पाणी आंतच कोंडतें. पोपडे खरवडून भिंत उघडी ठेवावी, कपाट तिच्यापासून चार बोटें पुढें ओढावें, रोग्याची खाट दुसऱ्या खोलींत न्यावी, आणि वैशाख येऊं द्यावा. ज्या उन्हानें धुळेंकर हैराण होतात तें उन्ह या एका कामाला फुकट राबतें. अक्षय्यतृतीया उलटल्यावर भिंतीला हात लावून पाहावा. कोरडी, कोमट लागली तर चुन्याची सफेती द्यावी.